टाय तुटतो कुठे: टॉवेल कारखान्यातल्या केबल बांधणीच्या नोंदी

काम: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना. छतावरचं सोलर, मागांचं शेड, प्रोसेस (ब्लीचिंगचा विभाग), ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची जागा) आणि बॉयलर इथल्या केबल नव्याने बांधणे. टाय म्हणजे केबल बांधायची, ओढली की लॉक होणारी पट्टी. नोंदी माझ्यासाठी, आणि माझ्यानंतर मेंटेनन्सला जो येईल त्याच्यासाठी.

१९ मार्च

काल संध्याकाळी अवकाळीचा शिडकावा झाला. आज सकाळी सातला मालकांचा फोन. इन्व्हर्टरवर लाल दिवा, ‘इन्सुलेशन फॉल्ट’. मी पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं आणि इन्व्हर्टर आपोआप चालूही झाला होता. मालक म्हणाले, "झालं की नीट, आता कशाला वर चढताय?" ओल असताना फॉल्ट आणि वाळल्यावर सगळं ठीक, याचा अर्थ कुठेतरी केबल सोललेली आहे. चढलो.

तिसऱ्या ओळीखाली डीसी केबल लोंबत होती. वाऱ्याने हलून हलून पत्र्याच्या कडेवर घासलेली, वरचं आवरण जाऊन आतला थर दिसत होता. पन्हाळीत पांढऱ्या टायचे तुकडे, नखं कापून टाकल्यासारखे. एका ओळीत ४६ टाय मोजले. त्यातले १९ आपले आपण तुटलेले, आणखी १२ नुसतं बोट लावल्यावर तुटले.

शिव्या द्यायला दुसरं कुणी नाही. गेल्या वर्षी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलचं लायटिंग केलं होतं, त्यातली उरलेली पाकिटं मीच इथे वापरली. पॅनल पंचवीस वर्षांच्या हिशोबाने बसवलेलं आणि त्याची केबल जत्रेतल्या टायवर. चौदा महिने टिकले हेच जास्त.

२० मार्च

स्ट्रिंग (पॅनलची ती ओळ) बंद केली, आयसोलेटर (तिचा स्विच) पाडला, घासलेला तुकडा बदलला. नवे टाय येईपर्यंत केबल कशाने बांधायची? बारक्या (हेल्पर) बाइंडिंग वायर घेऊन आला. नको म्हटलं. उघडी तार आवरणात रुतते, म्हणजे आज एक फॉल्ट काढून उद्याचा पेरायचा. शेवटी टॉवेलच्या वेस्टमधून काठाच्या पट्ट्या आणल्या आणि गाठी मारल्या. छताकडे बघून मागावाले दिवसभर हसत होते. हसू देत. गाठ घट्ट बसली आहे.

खरं तर टाय येण्याआधी सगळीकडे हेच चालायचं. विमानातल्या वायरींचे जुडगे मेण लावलेल्या दोरीने हाताने गाठी मारून बांधत. ते पाहून अमेरिकेत मॉरस लोगन नावाच्या माणसाने लॉक होणारी पट्टी काढली, तिच्या पेटंटचा अर्ज १९५८ सालचा. म्हणजे टायचा जन्मच कुणाची तरी बोटं वाचवण्यासाठी झाला.

२४ मार्च

नवी पेठेतल्या दुकानात गेलो. काउंटरवर चार प्रकारची पाकिटं मांडली. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती किलोचा पाहिजे?" सगळे हेच विचारतात. अडीच मिमी रुंदीचा टाय ८ किलो धरतो, ३.६ चा १८, ४.८ चा २२, ७.६ चा पंचावन्नच्या आसपास. पण छतावरच्या दोन केबलींचं वजन किती? पाव किलोसुद्धा नसेल दोन टायमध्ये. माझा एकही टाय वजनाने तुटलेला नाही. उन्हाने तुटलेत.

सांगितलं, काळा द्या, उन्हातला. त्याने काळं पाकीट पुढे केलं. त्यावर यूव्हीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) उल्लेखच नाही. "काळा म्हणजे यूव्हीच की ओ." तसं नसतं. पांढरा टाय म्हणजे रंग न घातलेलं नायलॉन ६६. ऊन त्याच्या लांब साखळ्या तोडत जातं, आधी वरच्या थरात बारीक चिरा पडतात, मग एक दिवस वाऱ्याने मोडतो. काळ्यात कार्बन ब्लॅक नीट मिसळलेला असेल, साधारण दोन टक्के, तर तो ऊन स्वतःवर घेतो आणि आत जाऊ देत नाही. नुसता दिसायला काळा करायचा तर त्याहून कमी रंगातही भागतं. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली तर डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पाकिटावर लिहिलेलं आणि कंपनीचा डेटा कागद, एवढाच आधार.

यूव्ही लिहिलेली दहा पाकिटं घेतली, ४.८ मिमी. शिवाय एक फळी करायचं ठरवलं: पांढरा, साधा काळा, यूव्ही काळा, असे पाच-पाच टाय फळीवरच्या पाइपला बांधून छतावर ठेवायचे आणि दर महिन्याला एकेक वाकवून बघायचं.

२ एप्रिल

दुपारी दोन. ४१ अंश. पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ६३. नवे, यूव्हीचे, चांगल्या कंपनीचे टाय ओढताना तुटताहेत. उन्हात वर्षभर राहून नाही, बांधताना. कडक ओढलं की डोक्याजवळ टक् आवाज, हातात शेपूट. चारातला एक जातोय. बारक्या म्हणतो, "दादा, डुप्लिकेट माल दिला." मीही दुकानदाराला फोन करून बरंच बोललो. तो म्हणाला, परत आणा.

३ एप्रिल

परत द्यायला निघालो होतो. जाता जाता मागांच्या शेडमध्ये एका मोटरची केबल सुटली होती ती बांधली, त्याच पाकिटातल्या टायने. तुटला नाही. दुसरा घेतला, मुद्दाम पक्कडीने ओढला. तोही नाही. शेडमधलं एक बंद पाकीट फोडून बघितलं, तेही झकास. छतावर नेलेलं पाकीट मात्र तीन दिवस फाटून उघडं पडलेलं, पत्र्यावर.

आमचे जॉबर (मागांचे मिस्त्री) अण्णा चहा पीत बघत होते. चाळीस वर्षं मागावर गेली त्यांची. म्हणाले, "सुताचंच आहे हे. शेडमध्ये पाणी का मारतो आपण? हवा कोरडी झाली की ताणा, उभं सूत, तुटतो. तुझी पट्टी पण सूतच आहे की, जाड सूत."

मी दहा मिनिटं गप्प बसलो होतो. अण्णांनी शंभर टक्के बरोबर सांगितलं. नायलॉन हवेतलं पाणी पितं. कापसाइतकं नाही. कापसाचा ओलावा हिशोबात साडेआठ टक्के धरतात, नायलॉन ६६ मध्यम दमट हवेत अडीच टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं. पण टायची सगळी लवचीकता त्या अडीच टक्क्यांत आहे. ते पाणी उडालं की टाय कडक होतो, आणि डोक्याजवळ, जिथे पट्टी वळते आणि आतली जीभ दात पकडते, तिथे मोडतो. म्हणून कंपन्या टाय सीलबंद पिशवीत देतात. मला इतकी वर्षं वाटायचं धूळ बसू नये म्हणून.

आणि आपलं सोलापूर. एप्रिल-मेमध्ये ओठ फुटतात इथे, नायलॉनचं काय घेऊन बसलात. मुंबईतला इलेक्ट्रिशियन हा त्रास कधी बघणारच नाही.

दुकानदाराला परत फोन केला. माफी मागितली.

४ एप्रिल

प्रयोग. कडक झालेल्या पाकिटातले १०० टाय प्रोसेसच्या गरम पाण्यात दोन तास भिजवले, पुसले, ओल्या टॉवेलच्या तुकड्यासोबत पिशवीत रात्रभर बांधून ठेवले होते. आज त्याच छतावर, त्याच वेळी बांधले. १०० पैकी २ तुटले. परवा याच पाकिटातले २५ टक्के जात होते.

नियम ठरवला: छतावर जाताना एका वेळी एक पाकीट, तेही कमरेच्या पिशवीत. उरलेले टाय चेन लागणाऱ्या पिशवीत ओलसर चिंधीसकट. शक्य असेल तर बांधणी सकाळी नऊच्या आत. आणि बारक्याला सक्त ताकीद, पक्कडीने आवळायचं नाही. केबल हाताने सरकत नाही एवढंच पुरे. कंबरपट्टा आवळल्यासारखं केबलचं पोट आत गेलं तर ती बांधणी चूक.

११ एप्रिल

ईटीपी. टॉवेलच्या ब्लीचिंगला कॉस्टिक आणि पेरॉक्साइड लागतं, त्यामुळे प्रोसेसचं पाणी अल्कली होऊन येतं. ते सारखं करायला इथे ॲसिड सोडतात, हायड्रोक्लोरिक. डोसिंग पंपाजवळ नुसतं उभं राहिलं तरी घसा धरतो. तिथले सगळे नायलॉनचे टाय संपलेले. तुटलेले नाहीत, संपलेले. हातात घेतला तर पिवळट, बिस्किटासारखा चुरा झाला. ऊन नाही, उष्णता नाही, भार नाही, नुसती वाफ. ॲसिड नायलॉनच्या साखळीतल्या कड्याच कापतं. यूव्ही काळा लावा नाहीतर लाल लावा, इथे उपयोग शून्य.

मी म्हटलं स्टील लावू, विषय संपला. स्टोअरमध्ये ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे टाय पडले होते, ते लावले.

३ मे

विषय संपला नव्हता. तीन आठवड्यांत ३०४ वर तपकिरी ठिपके. फडक्याने पुसले, खाली बारीक खड्डे. स्टेनलेस नावाचं असलं तरी क्लोराइडपुढे ते डागतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं, म्हणून समुद्राकाठी तेच वापरतात. पण हायड्रोक्लोरिकची वाफ म्हणजे खारी हवा नव्हे. तिथे ३१६ लाही भरवसा नाही. जास्त पैसे घालून तेच ठिपके दोन महिन्यांनी बघायचे.

इथलं उत्तर स्वस्त निघालं: पॉलिप्रॉपिलीन (पीपी). विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्याचं, डब्यांच्या झाकणांचं जे प्लास्टिक तेच. ॲसिड, अल्कली दोन्हीला दाद देत नाही. ॲसिडचे कॅन ज्या कुळातल्या प्लास्टिकचे असतात त्याच कुळातला टाय लावायचा, हे आधीच सुचायला हवं होतं. तोटे आहेत. त्याच रुंदीचा पीपीचा टाय नायलॉनच्या निम्म्यापेक्षा थोडंच जास्त वजन धरतो, आणि हळूहळू ढिला पडतो. म्हणून दोन टायमधलं अंतर अर्धं केलं. उन्हात काळाच घ्यायचा, साधा पीपी उन्हाला नायलॉनपेक्षाही कच्चा.

दुकानातून आणलेला ‘पीपी’ खरंच पीपी आहे का, याची परीक्षा बारक्याने शोधली नाही, मी शिकवली, पण आता तो सगळ्यांना करून दाखवतो: टाय पाण्याच्या बादलीत टाकायचा. पीपी तरंगतो. नायलॉन बुडतो. पाण्याच्या मानाने पीपी ०.९, नायलॉन १.१४.

९ मे

आज रविवारचं वेगळंच काम. मावसभावाचं शेंगदाणा चटणीचं पॅकिंग आहे, तिथे मेटल डिटेक्टर बसवलाय. त्याने माझ्याकडे निळे टाय मागितले. निळे का? कारण चटणीत, डाळीत, पिठात निळं काही नसतं, तुकडा पडला तर डोळ्याला दिसतो. शिवाय त्या नायलॉनमध्ये धातूची भुकटी मिसळलेली असते, म्हणजे डोळा चुकला तरी डिटेक्टर ओरडतो. आमच्या कारखान्यात याचा उपयोग नाही, पण बघून बरं वाटलं. चटणीचे दोन डबे मिळाले, मजुरी तेवढीच.

१४ मे

बॉयलर आणि ड्रायर. इथे गडबड वेगळी.

स्टीमच्या मेन लाइनला सात किलोचं प्रेशर, म्हणजे आतली वाफ १७० अंशांच्या घरात. लाइनवर लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) आहे, त्याच्यावरून हात फिरवता येतो. पण व्हॉल्व्हजवळ लॅगिंग उघडं, आणि कुणीतरी कंट्रोल केबल नेमकी त्याच पाइपला बांधलेली. साध्या नायलॉनला ८५ अंशांपर्यंत चालतं म्हणतात. तो टाय कधीच गळून पडला होता, मग मागे कुणीतरी हुशारी करून स्टीलचा लावलेला. स्टीलच्या टायला काय, पाचशे अंशांच्या वर गेलं तरी तो तिथेच. पण आतली केबल? साध्या पीव्हीसीची, सत्तर अंशांची. टाय चकचकीत आणि त्याच्या खाली केबल करपलेली, कडेने तर स्टीलने कापलेलीसुद्धा.

तिथे टाय बदलला नाही, केबलच फूटभर लांब नेऊन वेगळ्या ट्रेवर घेतली. साधा काळा नायलॉन लावला. थंड जागा. स्टीलचे टाय फक्त तापमानाच्या सेन्सरच्या वायरला ठेवले, तिच्यावर काचेच्या धाग्याचं विणलेलं आवरण आहे, ती उष्णता सोसते. तिथेही टायच्या आत त्याच आवरणाची नळी सरकवली, कड लागू नये म्हणून.

ड्रायरच्या बाजूचा पत्रा ९५ दाखवतोय. तिथून केबल हलवता येत नाही, दरवाजाच्या लिमिट स्विचची आहे. त्या जागी हीट स्टॅबिलाइज्ड (जास्त उष्णता सोसणारं) नायलॉन, पाकिटावर १०५ लिहिलेलं. आठच टाय लागले.

दुकानात आणखी एक आकाशी रंगाचा टाय बघितला, ईटीएफई नावाच्या प्लास्टिकचा. १५० अंश चालतो, ॲसिड चालतं, ऊन चालतं. भाव ऐकून मी पाकीट खाली ठेवलं. मालकांना सांगितला असता तर त्यांनी मला खाली ठेवलं असतं.

२३ मे

मागांचं शेड. इथे लिहिण्यासारखं थोडं. सावली, ओलावा, खोलीचं तापमान, साधा नायलॉन इथे सुखात आहे. त्रास एकच: शेपूट. लांब सोडलेल्या शेपटाला कापसाची फुलं धरतात, झुपका होतो, आणि मोटरजवळ कोरडा झुपका म्हणजे वातच. शेपूट पक्कडीने तिरपं कापलं तर धार राहते. काल त्या धारेने माझ्याच अंगठ्याला दोन टाके पडले. फ्लश कटर घेतला. टायच्या डोक्याला सपाट लागून कापायचं, बोट फिरवून बघायचं.

३० मे

छतावरची शेवटची ओळ, दक्षिणेकडची. इथली केबल पॅनलच्या सावलीबाहेर येते, पाच मीटर, दिवसभर उघडी. इथे यूव्ही काळा नायलॉन ६६ सुद्धा मला पटेना. ऊन सोसेल, पण दरवर्षी मार्च ते मे वाळून कडक होणारच, आणि वारा इथेच सर्वात जास्त. नायलॉन १२ चे टाय मागवले. ते पाणीच फार कमी पितं, म्हणून कोरड्यात आणि ओल्यात त्याच्या वागण्यात फारसा फरक नाही. सोलरवाले यासाठीच ते वापरतात. महाग आहे. मालकांना हिशोब दाखवला: पूर्ण कारखान्याला नको, फक्त ४० टाय. इन्व्हर्टर एक दिवस बंद राहिला तर जेवढं बिल वाढतं, तेवढ्यात ते बसतात. मालक म्हणाले, "बसवा, पण मला कागदावर लिहून द्या कुठे काय लावलंय." म्हणून ही वही आता नीट लिहितोय.

फळी बघितली. दोन महिन्यांत पांढरा अजून तुटलेला नाही, पण वाकवला की वळणावर पांढरी रेघ उमटते, आणि ती रेघ परत जात नाही. साधा काळा आणि यूव्ही काळा अजून सारखेच दिसतात. खरा निकाल पुढच्या उन्हाळ्यात.

१८ जून

पहिला दणक्याचा पाऊस. सकाळी साडेसहाला स्वतःच येऊन इन्व्हर्टरसमोर उभा राहिलो. हिरवा. इन्सुलेशनचं रीडिंग मार्चच्या कितीतरी वर. मालकांना फोन केला नाही, त्यांनीही केला नाही.

२ जुलै

बारक्या वारीला गेलाय, पंढरपूरला, चार दिवस. एकट्याने ट्रे उघडण्यात अर्थ नाही. ईटीपीचे पीपीचे टाय बघून आलो. ढिले पडलेत थोडे, पण जागेवर. एक अजून ओढून घेतला.

स्टोअरच्या भिंतीवर खिळ्यांना पाच पिशव्या टांगल्या, प्रत्येकीवर जाड पेनाने जागेचं नाव: छत, उघडी ओळ, ईटीपी, ड्रायर, शेड. मटेरियलचं नाव नाही लिहिलं. रात्रपाळीच्या पोराला नायलॉन १२ कळणार नाही, पण ‘ईटीपी’ कळतं.

२८ जुलै

मांडववाला आला होता, गणपतीच्या लायटिंगसाठी टाय आहेत का विचारायला. पांढऱ्याची सात पाकिटं उरली होती, सगळी दिली. दहा दिवसांचं काम, तेही मांडवाच्या आत, उन्हाशिवाय, पावसाळी हवेत. छान टिकतील.

बाकी: उघड्या ओळीतले १२ टाय, नायलॉन १२ चं दुसरं पाकीट आलं की.